कृपया यंत्राचे मन दुखवू नये

दिवाळीच्या सेलमध्ये आपण बोलका स्पीकर घेतला, घोडबंदर रोडवरील आपल्या बाविसाव्या मजल्यावर त्याची यथासांग स्थापनाही झाली, तेव्हा त्याच्याशी कसे वागावे याविषयी चार शब्द सांगणे शेजारधर्माला धरूनच होईल. जागेचा प्रश्न आपण आधीच सोडवला आहे. ज्या कोनाड्यात पूर्वी आईची समई असे, तिथे वाय-फायची रेंज उत्तम मिळते. त्यामुळे समई माळ्यावर गेली, याबद्दल कुणी नाराज होण्याचे कारण नाही.

यंत्राशी नेहमी सौजन्याने बोलावे. यासाठी वेगळे कष्ट पडणार नाहीत, कारण हे सौजन्य आपल्यात उपजतच असते असे दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्लिफर्ड नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात काही लोकांना संगणकाकडून धडा शिकवला आणि नंतर त्याच संगणकावर ‘मी कसे शिकवले?’ असे विचारले, तेव्हा लोकांनी त्याची भरभरून स्तुती केली. हाच प्रश्न शेजारच्या दुसऱ्या संगणकावर विचारल्यावर मात्र मते जरा मोकळी झाली. म्हणजे डब्याच्या तोंडावर डब्याला वाईट म्हणणे लोकांच्या जिवावर आले. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एवढा संकोच कुणी दाखवल्याचे माझ्या स्मरणात नाही.

आपले यंत्र हिंदी आणि इंग्रजी जाणते. त्यामुळे ‘हॉल की बत्ती बंद करो’ हे वाक्य चार वेळा, दर वेळी अधिक सावकाश, शब्द सुटे करून आणि आवाजात मार्दव ठेवून म्हणावे. पाचव्या वेळी स्वयंपाकघरातला पंखा सुरू झाला तरी रागावू नये. ते अजून शिकत आहे. आईने मात्र एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली, तर ‘एकदा सांगितलं ना’ असे म्हणण्यास हरकत नाही, कारण आईला अपडेट येत नाहीत.

पाहुण्यांच्या बाबतीत तर आपण यंत्रावरच विसंबावे. गेल्या रविवारी डोंबिवलीहून अळूवडीचा डबा घेऊन मामा आले, तेव्हा गेटवरच्या वॉचमनने त्यांना ओळखले, नमस्कार केला, खुशाली विचारली आणि मग टॅबवर त्यांचा फोटो काढून आपल्या मोबाइलवर परवानगी मागितली. मोबाइल चार्जिंगला होता आणि आपण अंघोळीला. आठ वर्षे ज्यांना वॉचमन ‘मामा’ म्हणतो, ते पाऊण तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होते, आणि पडद्यावर ‘प्रतीक्षेत’ एवढी एकच ओळ होती. वॉचमनने त्यांना तसेच वर सोडले असते, तर ती सुरक्षेतील गंभीर त्रुटी ठरली असती. नंतर ॲपने ‘आपला अनुभव कसा होता?’ असे विचारले, तेव्हा आपण पाचपैकी पाच तारे दिले, हे उत्तमच केले.

आता आईच्या एकटेपणाकडे वळू. जपानमधील ताकानोरी शिबाता यांनी सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लासारखा ‘पारो’ नावाचा रोबो तयार केला. कुरवाळले की तो डोळे मिचकावतो, मान वळवतो आणि हाकेला ओ देतो. अमेरिकेत २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा मिळाला, आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध त्याला मांडीवर घेऊन शांत होतात असेही अनुभव आहेत. यात हसण्यासारखे काही नाही. शिबाता यांचे शहाणपण प्राण्याच्या निवडीत आहे. कुत्रा किंवा मांजर केले असते, तर लोकांनी खऱ्याशी तुलना केली असती. सीलशी कुणाचीच घसट नसते. आपणही हे सूत्र ध्यानात ठेवावे आणि आईसाठी मुलाच्या आवाजात बोलणारे यंत्र चुकूनही आणू नये, कारण ती तुलना करील.

आई दुपारी एकटीच यंत्राशी बोलत असली आणि आपल्याला पाहून गप्प झाली, तर वाईट वाटून घेऊ नये. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा संभाषण करणारा प्रोग्रॅम जाहीर केला. तो बहुतांशी समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करीत असे. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना पाहिला होता, त्यात कुणी ऐकणारे नाही हे तिला ठाऊक होते, तरी त्याच्याशी थोडे बोलून झाल्यावर तिने आपल्या साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. ते अस्वस्थ झाले आणि पुढे आयुष्यभर अशा यंत्रांवर टीका करीत राहिले. आपण एवढे मनाला लावून घेऊ नये. आपल्याला मीटिंग असते.

यंत्र बंद करायची वेळ आली, तर मात्र मन घट्ट करावे. जर्मनीतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ‘नाओ’ नावाचा छोटा रोबो बंद करायला सांगितल्यावर ‘नको, कृपया मला बंद करू नका’ अशी विनवणी करीत असे. ही विनवणी ऐकलेल्या ४३ जणांपैकी १३ जणांनी बटणाला हातच लावला नाही, आणि बाकीच्यांचाही हात घुटमळला. धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी चार दिवसांची सुट्टी मागितली तेव्हा आपला निर्णय पाच सेकंदांत झाला होता, ही गोष्ट इथे अप्रस्तुत आहे. जपानमध्ये ‘आयबो’ या कुत्रारूपी रोबोंसाठी बौद्ध मंदिरात अंत्यविधी झाले आहेत. आपल्या ठाण्याच्या जवाहरबाग स्मशानभूमीत अशी सोय नाही. आपण व्हॉट्सॲप गटावर हात जोडलेली चिन्हे पाठवून भागवावे.

शेवटची एक सूचना. यंत्र ऐकलेल्या गोष्टींची यादी ठेवते, आणि ॲपमध्ये तारीखवार सगळे सापडते. ती यादी उघडू नये. मी उघडली. मंगळवार, दुपारी ३ वाजून १० मिनिटे: आईने मराठीत विचारले होते, ‘आज कुणी येणार आहे का गं?’ यंत्राला त्यातले ‘आज’ तेवढे कळले आणि त्याने सांगितले की आज ठाण्यात पाऊस येण्याची शक्यता आहे. बुधवारी तोच प्रश्न, तेच उत्तर. गुरुवारी तिने पुढे एवढेच जोडले होते, ‘बरं, छत्री आणायला सांग त्याला.’ सेटिंग्जमध्ये अशा नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय आहे. ती सुरू करून ठेवावी.