चालल्यानं मी बरा झालो का?

ताई,

तुमची प्रतिक्रिया दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचली. दादा गेल्यानंतर पन्हाळा ते विशाळगड चाललो आणि 'बरा झालो', असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "चालून माणूस बरा होत असता, तर उभा जन्म रानातनं चालणारी माझी आई कधीच बरी झाली असती. डोंगर फिरणं हे पगारी माणसाचं सुख. नैराश्य आलेल्याला डॉक्टरकडं पाठवा, पावनखिंडीत नको."

डॉक्टरांपासून सुरुवात करतो, कारण तिथं चूक माझी आहे. दादा गेल्यावर चार महिने मला झोप नव्हती. फौंड्रीत मशीनपुढं उभा असायचो आणि काय करायला घेतलंय तेच आठवायचं नाही. बायकोनं हट्टानं मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा गुण दुसऱ्या दिवशी येत नाही, काही आठवडे लागतात. मी पन्हाळ्यावरून निघालो तेव्हा गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि पाकीट सॅकमध्ये होतं. लेखात यातलं एक अक्षर लिहिलं नाही. पाहुण्यापैंना कळेल, याची लाज वाटली. तो लेख वाचून कुणी गोळ्या मनानंच बंद केल्या असत्या तर, या विचारानं परवा रात्री मी उठून बसलो. म्हणून इथं स्पष्ट लिहितो: डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नका. आणि कुणाकडं जायचं हेच कळत नसेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलतात.

मग चालण्यानं काय झालं? दादाच्या आजारपणात आठ महिने मी दवाखान्यात नुसता बसून काढले. रिपोर्टची वाट, डॉक्टरांची वाट, सलाईन संपायची वाट. तो गेल्यावरही डोळे मिटले की तोच खाटेवरचा चेहरा दिसायचा, आधीचा दादा आठवायचाच नाही. मसाई पठारावर धुकं इतकं दाट होतं की पुढच्या मित्राची पाठसुद्धा दिसत नव्हती. पठार उतरल्यावर लाल चिखल, भातखाचरांचे निसरडे बांध, मध्येच गुडघाभर पाण्याचा ओढा. १६६० च्या जुलैमध्ये महाराज याच वाटेनं रात्रीचे गेले, हे आम्हा कोल्हापूरकरांना शाळेपासून पाठ. पण त्या दिवशी इतिहासही डोक्यात नव्हता. पुढचा पाय कुठं टेकवायचा, एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, एक बांध ओलांडताना, पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकवताना माझ्या पाठीला डबा बांधून मला पाण्यात ढकलणारा दादा आठवला. बारा-तेरा वर्षांचा, मोठ्यानं हसणारा. आजारपणाच्या आधीचा दादा कितीतरी महिन्यांनी भेटला. मी तिथंच चिखलात बसलो. मित्र थांबला, पण काही बोलला नाही.

मनात तेच तेच घोळत राहणं नैसर्गिक परिसरात चालल्यानं कमी होतं का, हे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासलं होतं. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. दीड तास झाडागवतातून चाललेल्यांमध्ये ते घोळणं कमी झालं, गजबजलेल्या रस्त्याकडेनं चाललेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. अभ्यास छोटा होता, त्यावर मोठा डोलारा उभारायला नको. पण वाचताना मला तो बांध आठवला.

'बरा झालो' हा शब्द मात्र चुकलाच. अर्ल शॅफर नावाचा अमेरिकन सैनिक दुसऱ्या महायुद्धातून परतला, त्यात त्याचा जिवलग मित्र मारला गेला होता. १९४८ साली तो अमेरिकेतली सुमारे ३,५०० किलोमीटरची ॲपलाचियन ही डोंगरवाट एका दमात चालला. ते युद्ध अंगातून चालून काढायला. आणि १९६५ मध्ये तो परत गेला, १९९८ मध्ये ७९ व्या वर्षी पुन्हा गेला. एकदा चालून सगळं संपतं, असं मला त्यात दिसत नाही. मीही दर पावसाळ्यात जातो. गोळ्या डॉक्टरांनी पुढं हळूहळू कमी केल्या, दादाची आठवण तेवढीच आहे.

आता तुमची आई. इथं मी अडलो. त्याच वाटेवर एका वाडीजवळ वैरणीचा भारा घेतलेली बाई भेटली होती. "कुठं निघालासा?" म्हणाली. विशाळगडला, म्हटल्यावर म्हणाली, "गाडी न्हाई व्हय?" मला उत्तर सुचलं नाही, आजही नाही. डोक्यावर भारा, घरी धारेची वेळ, पुढं चूल. त्या चालण्यात तिचं स्वतःचं काय असतं? तुमचं खरं आहे.

पण ते सुख पगारी माणसापुरतंच आहे, हे मात्र पटत नाही. माझी आत्या आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात भांगलायला गेली. गुडघे गेलेत. तरी आषाढी एकादशीला कोल्हापुरातनं नंदवाळच्या विठ्ठलाला दिंडीबरोबर चालत जाते. औंदा तिला म्हटलं, आत्या, रिक्षानं सोडतो. ती म्हणाली, "वरसातनं एकच दिस हाय, त्या दिवशी मला कुणी हाक मारत न्हाई. त्योबी रिक्षात घालवू?" देव तिला हवाच असतो, पण वाटेत पुईखडीला रिंगण बघताना तिचा चेहरा मी बघितलाय, तसा घरात कधी दिसत नाही.

तुमच्या आई आता चालू शकतात का, तुम्ही लिहिलं नाहीत. चालू शकत असतील आणि त्यांना यावंसं वाटलं, तर पुढच्या आषाढीला आत्याबरोबर त्यांनाही घेऊन या. वाटेत जिथं थांबावं वाटेल तिथं आपण थांबू. त्यांना माझा नमस्कार सांगा.

जुन्या लेखातलं 'बरा झालो' आज सकाळी काढलं. त्या जागी गोळ्यांचं लिहिलंय.