सहाशे फुटांचा राजवाडा

घरपट्टीचं बिल उघडलं आणि वाटलं, अख्ख्या इमारतीचं बिल चुकून आपल्याकडे आलंय. पण नाव माझंच, घर क्रमांकही माझाच. फक्त क्षेत्रफळापुढे ६०० चौरस मीटर असं लिहिलेलं. आमचं घर ६०० चौरस फुटांचं. एका चौरस मीटरमध्ये १०.७६४ चौरस फूट मावतात. म्हणजे कुणीतरी फुटाच्या जागी मीटर ठोकून आम्हाला जवळजवळ साडेसहा हजार फुटांच्या घरात नेऊन बसवलं होतं. बायकोने बिल पाहिलं, मग भिंतींकडे पाहिलं. "उरलेलं कुठे आहे ते शोध. मला एक अडगळीची खोली हवीच होती."

घरपट्टीचा हिशेब असा: क्षेत्रफळाला दराने गुणायचं, त्यावर वापराचा आणि बांधकामाच्या वयाचा भारांक, म्हणजे आणखी एक गुणक, लावायचा. एवढ्याशा गुणाकारात पहिलाच आकडा दसपट फुगला, की खाली काय होणार ते सांगायला नको.

"मॅडम, चूक झालीय," मी घरपट्टी कार्यालयाच्या खिडकीशी म्हटलं.

"चूक नसते. हरकत असते. अर्ज द्या."

"आणि बिल?"

"ते भरा. हरकत राखून भरतोय असं लिहा, नाहीतर व्याज चढेल."

हरकतीची मुदत बिलाच्या मागे छापलेली होती, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरात. चार दिवस उरले होते. खरेदीखत, मंजूर नकाशा, मागची तीन बिलं असं सगळं जोडलं. नकाशावर तर पिवळ्या पेनने घराची हद्दही रंगवली. अर्जाची भाषा इतकी फर्डी जमली, की शेवटी राहवेना आणि मी लिहून टाकलं, 'शंका असल्यास प्रत्यक्ष जागेवर येऊन मोजणी करावी.'

"हे वाक्य काढ," बायको म्हणाली.

सत्य आपल्या बाजूला असताना माणूस बायकोचं ऐकत नाही. मॅडमनी सुकलेल्या शिक्क्यावर दोनदा हाऽऽ केलं, पोच दिली आणि मी विजयी मुद्रेने घरी आलो.

तीन आठवड्यांनी एक गृहस्थ टेप घेऊन आले.

"दुसरं टोक धरा."

मी आनंदाने धरलं. हॉल, स्वयंपाकघर, खोली. प्रत्येक आकडा ऐकून मी बायकोकडे बघत होतो, बघ, किती लहान! मग टेप सरसरत हॉल ओलांडून माझ्या कामाच्या टेबलाखाली शिरली आणि काचेच्या खिडकीला टेकली.

"ही गॅलरी ना? बंद कधी केलीत?"

"पाऊस आत यायचा हो..."

"नकाशात उघडी दिसतेय." त्यांनी कागद पुढे केला. पिवळी रेघ गॅलरीच्या अलीकडेच थांबली होती. रंगवताना मी फार काळजी घेतली होती.

बायको काहीच बोलली नाही. गृहस्थ वहीत लिहू लागले.

"टोक नीट धरा," ते म्हणाले, "सैल पडतंय."