गाडी तापत नाही हो!

मे महिन्यात माझी तक्रार एकच होती, गाडी तापते. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या चढाला बॉनेटमधून अशी वाफ सुटली की मागे पेंगत बसलेली आत्या म्हणाली, "अरे, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद कर."

मिस्त्रींकडे रेडिएटरचं रॉडिंग झालं, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून साफसफाई, वॉटर पंप नवा आला, होजपाइप बदलले. "परत तापता कामा नये," असं मी दरडावून सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

डिसेंबरात आत्याला महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवाचं बर्फ होतं ते बघायची हुक्की आली. पहाटे निघालो, हीटरचं बटण लाल खुणेपर्यंत फिरवलं. आतून जे आलं त्याला वारा म्हणता येईल, ऊब म्हणता येणार नाही. मेढ्यापर्यंत आत्याने कानटोपीवर मफलर, मफलरवर शाल चढवली आणि विचारलं, "एसी जरा कमी होतो का रे?"

हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे दडवलेला पिटुकला रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. कूलिंगचं काम झालं की पाण्यात हवा अडकते, डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. हवा नेहमी उंच जागा पकडते. म्हणून इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं, गाडीचं तोंड चढावर ठेवायचं, हीटर फुल करून इंजिन चालू ठेवायचं आणि बुडबुडे येतील तसं कूलंट ओतत राहायचं. साताऱ्यात चढाला काय तोटा? रविवारी सकाळी चार भिंती टेकडीच्या रस्त्याला गाडी लावली. फिरायला आलेला प्रत्येक जण थांबायचा.

"बंद पडली?"

"नाही, हवा काढतोय."

"टायरची? मग झाकण कसलं उघडलंय?"

चार-पाच बुडबुडे निघाले, खळखळही थांबली. ऊब मात्र आली नाही.

शेजारच्या काकांचं निदान होतं, "हीटर चोक." मग हीटरकडे जाणारे दोन रबरी पाइप चाचपले. एक गरम आणि दुसरा गार असेल तर आत पाणी अडलंय. दोन्ही कडकडीत असतील तर पाणी ठीक आहे, हवेची झडप फिरत नाहीये. माझे दोन्ही पाइप सारखेच कोमट निघाले, उशिरा आलेल्या पाहुण्यांना दुसऱ्यांदा गरम करून दिलेल्या चहाइतके. म्हणजे मुळात पाणीच तापत नव्हतं!

मग डोळे उघडले. पोवई नाक्याच्या गर्दीत रखडलो की गाडीत जरा ऊब यायची, हायवेला लागलो की तापमानाचा काटा खाली आणि पाय गारठलेले. तेवढ्यासाठी मी दोन दिवस मुद्दाम गर्दीतून ऑफिसला गेलो.

मिस्त्रींना विचारलं, थर्मोस्टॅट बघितला का?

"तो तर मेमध्येच काढून टाकला, साहेब. परत तापता कामा नये, असं तुम्हीच म्हणाला होता की!"

इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. तीच नाही म्हटल्यावर पाणी पहिल्या मिनिटापासून वारा खात हिंडणार. इंजिन बिचारं सहा महिने उघड्यावर झोपल्यासारखं चाललं होतं. पेट्रोल जास्त का लागतंय, तेही तेव्हा उमगलं.

मिस्त्रींनी नटबोल्टच्या डब्यात हात घालून माझाच थर्मोस्टॅट काढून दिला. "जपून ठेवला होता." कडेला ८२ चा आकडा कोरलेला, म्हणजे पाणी ८२ अंशांवर गेलं की हा उघडायला लागणार. चालतो की नाही, हे बघायला घरी आणला, दोरा बांधून पातेल्यात सोडला. आधी छोटे बुडबुडे, मग भांड्याच्या कडेला वाफ, आणि उकळी फुटायच्या आधीच ती पितळी चकती हळूहळू वर उचलली गेली. मी ओरडलो, "उघडला!"

आत्या डोकावली. "अंडं आहे का?"

मागून बायकोचा आवाज आला. "अहो, ते चहाचं पातेलं आहे. आता ते गाडीतच ठेवा."