लघवीच्या घाईची गोळी आणि माझा लेख: एका ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. आई ७१ वर्षांच्या. लघवीची घाई आवरत नाही म्हणून दोन वर्षं लग्नाकार्याला जायच्या बंद झालेल्या. सोलिफेनासिन ही घाईवरची गोळी सुरू झाली आणि त्या पुन्हा घराबाहेर पडू लागल्या. मग या गोळ्यांवरचा माझा लेख वाचून "या गोळीनं स्मृती जाते" म्हणत त्यांनी ती परस्पर बंद केली. "डॉक्टर नसताना लोकांना घाबरवू नका," असं तुम्ही लिहिलंय. ते मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. स्मृतिभ्रंशाची गोष्ट मी लेखाच्या सुरुवातीलाच घातली आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, हे पार शेवटी. तिथवर आई पोचल्याही नसतील. आज लेखाचा क्रम बदलला आहे. आईंची मनापासून माफी मागते.

या गोळ्यांचा स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसतो, हा मुद्दा मात्र मी मागे घेणार नाही. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या सुमारे ५९ हजार लोकांची तुलना न झालेल्या सव्वादोन लाख लोकांशी केली होती. मूत्राशयाच्या या जातीच्या गोळ्या रोज, तीन वर्षं किंवा त्याहून जास्त घेतल्या जातील इतक्या प्रमाणात ज्यांना मिळाल्या होत्या, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी जास्त दिसली. हा संबंध आहे, गोळीनंच आजार झाला याचा पुरावा नाही. लघवीवरचा ताबा सुटणं हे कधीकधी त्याच आजाराचं आधीचं लक्षणही असतं. हे वाक्य मी मूळ लेखात लिहायलाच हवं होतं.

मला खरी काळजी वाटते ती घाईच्या गोळीसोबत घेतल्या जाणाऱ्या बाकीच्या गोळ्यांची. मूत्राशयाला आकुंचन पावायला सांगणारा निरोप्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन त्याला अडवतात. पण लाळ, आतडी, डोळे, घाम, स्मरणशक्ती, सगळीकडे हाच निरोप्या असतो. म्हणून तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, धूसर दिसतं. त्यात सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, पोटात कळ आली की घेतलेलं डायसायक्लोमाइन, नसांच्या दुखण्यावरचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, हीसुद्धा त्यालाच अडवतात. मी नागपुरात मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. एका आजोबांनी घाईच्या गोळीसोबत तीन दिवस सर्दीच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या रात्री ते बरळू लागले, लघवी पूर्ण अडली, नळी घालावी लागली. सर्दीच्या गोळ्या कुणाच्या चिठ्ठीवर नव्हत्या, घरातच पडलेल्या होत्या. नायट्यासाठी इट्राकोनाझोल चालू असेल तर सोलिफेनासिन शरीरात साचतं, म्हणून त्यासोबत दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. आणि आमच्याकडच्या मे महिन्यात घाम कमी येणं ही साधी गोष्ट नाही, त्यातून उष्माघात होऊ शकतो.

डॉक्टर नाही, हे बरोबर. मी फार्मासिस्ट आहे, म्हणून गोळी परत सुरू करायची की बदलायची हे मी सांगणार नाही. आईंना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, काढे एका पिशवीत भरून न्या. काचबिंदू आहे का, लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे तपासलंय का ते विचारा. मिराबेग्रॉन ही घाईवरचीच दुसरी गोळी, पण वेगळ्या वाटेनं काम करते, त्यानं तोंड फारसं सुकत नाही. पण ते रक्तदाब वाढवू शकतं. दाब १८० / ११० किंवा त्याहून वर राहत असेल तर ते देत नाहीत. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल चालू असेल तर तेही आधी सांगा, मिराबेग्रॉनमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. मिराबेग्रॉनची गोळी कुटून किंवा चावून घ्यायची नसते, अख्खी गिळायची.

शेवटी तुम्ही विचारलंय, तोंड सुकतं म्हणून आईंनी जास्त पाणी प्यावं का. तहानेपुरतं प्यावं, दिवसभर घोट घोट. ग्लासच्या ग्लास रिचवले तर घाई पुन्हा वाढेल. मधे चिमूटभर बडीशेप चघळायला द्या, लाळ सुटते. दुपारनंतरचा चहा मात्र कमी करायला सांगा.