म्हणे, लाखासाठी जीव देतात!

पंधरा दिवसांपासून आमच्या सांगोल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'शेतकरी सरकारी लाखासाठी आत्महत्या करतात. मदत बंद करा, आपोआप थांबेल. आणि ज्याला मरायचंच आहे त्याला कोण अडवणार?' माझं कृषी सेवा केंद्र आहे. औषधाच्या बाटल्या मीच विकतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी लाखाचं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकार एक लाख देतं: 30 हजार रोख, 70 हजार मुदत ठेवीत. तेही घरचा सातबारा, थकलेलं कर्ज आणि समितीने 'पात्र' ठरवलं तर. 2022 साली देशात शेतीवर जगणाऱ्या 11,290 जणांनी आत्महत्या केली, त्यात 6,083 शेतमजूर. सातबारा नसलेला मजूर कुठल्या लाखाच्या आशेने गेला? फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूर बाजारात बार्शी तालुक्यातल्या एकाला 512 किलो कांद्याचे, हमाली-तोलाई-भाडं जाऊन, दोन रुपये मिळाले. लाखाचा हिशेब मांडणाऱ्यांनी ती विक्रीची पट्टी वाचावी. अर्थात नुसत्या भावानेही कोणी जात नाही. कर्ज, दारू, आजारपण, घरातला अबोला, सगळं साचत जातं.

'कोण अडवणार?' श्रीलंकेने अडवलं. 1995 पासून तिथे अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी येत गेली आणि वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. जालीम विष हाताशी नसलं आणि ती वेळ टळली की बरीच माणसं वाचतात.

गेल्या वर्षी दुकान बंद करताना एक गिऱ्हाईक आलं. औषध मागितलं. तेल्या रोगाने डाळिंब गेलेलं, बाग पंधरा दिवसांपूर्वीच उपटलेली, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "कशावर मारायचंय?" उत्तर नाही. मी बाटली काढलीच नाही. चहा सांगितला आणि सरळ विचारलं, "भाऊ, जिवाचं काही बरंवाईट मनात आहे का?" बराच वेळ तो कपाची कड बोटाने पुसत राहिला. मग 'हो' म्हणून मान हलवली. त्याच्या मेहुण्याला बोलावलं, तो येईपर्यंत दोघांनी 14416 वर फोन लावला. टेलिमानस, मन खचलेल्यांसाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने त्याच्या शेडमधल्या सगळ्या बाटल्या माझ्या गोदामात आणून ठेवल्या.

हे ग्रुपवर लिहिलं तर एका शहाण्याचं उत्तर: 'असं विचारून तुम्हीच डोक्यात भरवता.' जागतिक आरोग्य संघटना नेमकं उलट सांगते: विचारल्याने विचार रुजत नाही, माणूस मोकळा होतो.

बाटल्या अजून गोदामातच आहेत. परवा तो मक्याचं बियाणं घेऊन गेला. उधारीवरच.