लायसन्स डिस्कमध्ये नसतं हो!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर बरेच दिवस एक मेसेज फिरतोय. कुणी लिहिला देव जाणे, पण माझ्याकडे तो इतक्या वेळा आलाय की आता उघडायच्या आधीच ओळखू येतो. मजकूर साधारण असा:

‘सावधान! हार्ड डिस्क बदलू नका. विंडोजचं लायसन्स डिस्कमध्ये असतं, डिस्क गेली की लायसन्स गेलं. नवीन डिस्क टाकली तर तीस दिवसांत कॉम्प्युटर बंद पडतो, फायली जातात. लॅपटॉपबरोबर येणारं सिंगल लँग्वेज विंडोज फक्त इंग्रजी चालवतं, मराठी-कन्नडसाठी विंडोज प्रोच घ्या. ऑनलाइन चारपाचशेत लायसन्सची की मिळते, नाहीतर दुकानवाला ॲक्टिव्हेटर मारून देतो. जुनी डिस्क दुकानातच द्या, त्यातून लायसन्स काढता येतं.’

मी बेळगावातल्या शहापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. या मेसेजमुळे माझा धंदा बुडतोय असं काही नाही, उलट दोन गिऱ्हाइकं वाढलीच असतील. पण चांगले चालणारे लॅपटॉप लोक रडतखडत वापरतायत, हे बघवत नाही.

येळ्ळूरचा एक पोरगा आला होता. झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं, लोकांचे ऑनलाइन अर्जही भरून देतो. लॅपटॉप सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं. समोर गिऱ्हाईक उभं, आणि हा आपला पडद्यावरच्या फिरत्या गोलाकडे बघत बसलेला. मी म्हटलं, बाबा, आतली जुनी फिरती डिस्क काढ, एसएसडी, म्हणजे ती न फिरणारी वेगवान डिस्क टाक, प्रश्न मिटला. त्याने मोबाईल पुढे केला. “मामा, हे बघा की. लायसन्स जातंय म्हणे.”

त्याच्यासमोरच मागचं झाकण उघडलं. डिस्क काढून टेबलावर ठेवली, २५६ जीबीची एसएसडी बसवली, विंडोजचा पेन ड्राइव्ह लावला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि त्याचा प्रोसेसर चालण्यासारखा होता, म्हणून थेट अकराच टाकलं. दहाचं लायसन्स अकराला चालतं. इन्स्टॉल होताना विंडोजने की, म्हणजे लायसन्सचा कोड, मागितली नाही, कुठली आवृत्ती हवी तेही विचारलं नाही. वायफाय जोडलं, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात ॲक्टिव्हेशन उघडलं. ‘ॲक्टिव्ह’. जुनी डिस्क शेजारी टेबलावर पडलेली, आणि नव्या डिस्कवरचं विंडोज ॲक्टिव्ह. पोरगा दोन्हींकडे आळीपाळीने बघत होता.

कारण सोपं आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून विंडोजसकट येणाऱ्या कंपनीच्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरच्या, बायोसच्या चिपमध्ये लिहिलेली असते. बायोस म्हणजे यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्राम. इन्स्टॉल करताना विंडोज ती स्वतःच वाचतं. विंडोज १० पासून आणखी एक सोय आली, डिजिटल लायसन्सची. यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली राहते. त्या ओळखीत सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डला. असेंबल केलेल्या पीसीत बायोसमध्ये की नसते, पण एकदा खऱ्या लायसन्सवर ॲक्टिव्हेट झालेला असेल तर सर्व्हर त्याला ओळखतो. दोन्हीकडे डिस्क म्हणजे नुसतं कपाट. कपाट बदललं म्हणून सातबारा बदलत नाही.

तीस दिवसांचं काय? इथे मेसेजवाल्याला थोडं झुकतं माप देतो, कारण ही थाप हवेतून आलेली नाही. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन, म्हणजे लायसन्सची तपासणी आली, तेव्हा यंत्रातल्या दहा गोष्टींची नोंद व्हायची. त्यात हार्ड डिस्क होती, शिवाय त्या डिस्कवरच्या पार्टिशनचा नंबर वेगळा धरला जायचा. एकट्या डिस्कने बिघडायचं नाही, पण बऱ्याच गोष्टी एकदम बदलल्या की पुन्हा ॲक्टिव्हेशन मागायचं, आणि नव्याने टाकलेलं एक्सपी ३० दिवसांत ॲक्टिव्हेट केलं नाही तर खरंच लॉगिन होऊ द्यायचं नाही. त्या काळात ज्याचे हात पोळले, त्याने ही गोष्ट पुढच्याला सांगितली, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलमध्ये संपला, गोष्ट मात्र अजून चालू आहे.

आजचं विंडोज ॲक्टिव्हेट झालं नाही तर उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरांत ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटतं, आणि सेटिंग्जमधून वॉलपेपर, रंग वगैरे बदलता येत नाहीत. कॉम्प्युटर बंद पडत नाही. फायलींना कोणी हात लावत नाही. म्हणून तसंच वापरत राहणं नियमात बसतं असं नाही, पण घाबरून त्याच रात्री पैसे भरायचीही गरज नाही.

आता सिंगल लँग्वेज. या एका वाक्याने आपल्या भागात जेवढा घोळ घातलाय तेवढा बाकी सगळ्या मेसेजने मिळून घातला नसेल. पुण्यात कदाचित कोणी लक्षही देणार नाही, पण आपल्याकडे एकाच टेबलावर तीन भाषा चालतात. तालुक्याला द्यायचा अर्ज कन्नडमध्ये, लग्नाची पत्रिका मराठीत, बिल इंग्रजीत. त्यात डब्यावर लिहिलेलं ‘सिंगल लँग्वेज’. माणूस घाबरणारच.

खडेबाजारच्या बाजूला पत्रिका, बॅनरचं काम करणारे माझे एक जुने मित्र आहेत. त्यांच्या लॅपटॉपची डिस्क गेली. ज्याने नवी बसवली त्याने या समजुतीपायी प्रो टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात ती फिकट अक्षरं, आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर शेवटी एफ२१३ असलेला एरर. त्याचा अर्थ एवढाच, की या यंत्रासाठी प्रोची की सापडली नाही. सापडणार कशी? बायोसमध्ये बसलेली की ‘होम सिंगल लँग्वेज’ या आवृत्तीची. मित्र माझ्याकडे आले ते रागातच. “अण्णा, मेसेज खरा होता की. डिस्क बदलली नि लायसन्स गेलं.”

लायसन्स जागेवरच होतं, कुलूप चुकीचं लावलं होतं. प्रोवरून होमवर नुसतं खाली उतरता येत नाही, त्यामुळे पुन्हा इन्स्टॉल करावं लागलं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून केलेला पेन ड्राइव्ह लावला तर तो बायोसमधली की वाचून बरोबर आवृत्ती टाकतो. दुकानादुकानांतून फिरणारे ‘सगळं एकातच’ पेन ड्राइव्ह मात्र कुणीतरी आधीच प्रोवर अडकवून ठेवलेले असतात, तिथे ही गडबड होते. तासाभरात त्यांचं विंडोज ॲक्टिव्ह झालं, एक रुपयाची की न घेता.

मग मी त्यांना कीबोर्ड दाखवला. ‘सिंगल लँग्वेज’चा अर्थ एवढाच, की विंडोजचे स्वतःचे मेन्यू, सेटिंग्जची नावं एका भाषेत दिसतील. टाइप कितीही भाषांत करा. सेटिंग्जमध्ये मराठी जोडली, कन्नड जोडली. विंडोजचं बटण दाबून स्पेसबार मारला की मराठी, परत मारला की कन्नड, परत मारला की इंग्रजी. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून तर मराठी आणि कन्नडचे फोनेटिक कीबोर्ड विंडोजबरोबरच येतात; ज्याला इनस्क्रिप्ट ही सरकारी कीबोर्ड-मांडणी येत नाही त्यानेही इंग्रजी अक्षरांवरून लिहावं. श्रीलिपी काय, नुडी काय, टायपिंगची ही सॉफ्टवेअरंही चालतातच, त्यांना आवृत्तीशी काही देणंघेणं नाही. मित्रांनी पहिल्यांदा टाइप केलं ‘शुभविवाह’. सवयीने.

‘पण आमच्या भावाच्या पीसीवर डिस्क बदलल्यावर खरंच लायसन्स गेलं’ असं सांगणारे असतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. आवृत्तीची चूक नसेल तर बहुतेक वेळा दुसरं कारण असतं: लायसन्स मुळात नव्हतंच. पीसी असेंबल करताना दुकानात ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स असल्याचं भासवणारा प्रोग्राम, मारलेला असतो. मोठ्या कंपन्या, कॉलेजं यांच्यासाठी केएमएस म्हणून सोय असते. त्यांच्या आतल्या सर्व्हरकडून कॉम्प्युटर ॲक्टिव्हेट होतात, एका वेळी १८० दिवसांसाठी, आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरण होत राहतं. ॲक्टिव्हेटर तुमच्याच कॉम्प्युटरवर असला खोटा सर्व्हर उभा करतो. डिस्क गेली की तोही गेला. मग बोल डिस्कला.

हे डिस्क बदलायच्या आधीच ओळखता येतं. ॲक्टिव्हेशनच्या पानावरची ओळ वाचा. ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलेलं असेल तर निश्चिंत राहा. पुढे मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडल्याचा उल्लेख असेल तर दुधात साखर. पण ‘ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ असं असेल आणि पीसी तुम्ही गणपत गल्लीतून घरासाठी घेतलेला असेल, तर विचारा स्वतःला, आपण नेमके कुठल्या ऑर्गनायझेशनमध्ये कामाला आहोत?

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि मदरबोर्डच जळाला, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे यंत्राची ओळखच बदलते. लायसन्स आधीच खात्याला जोडलेलं असेल तर विंडोजच्या ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललंय’ या मार्गाने प्रयत्न करता येतो. जुन्या विंडोज ७ च्या स्टिकरवरची की घेऊन येणारेही अजून भेटतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने तो दरवाजा बंद केला, तिच्यावर नवं दहा किंवा अकरा ॲक्टिव्हेट होत नाही. आणि ऑफिसचं लायसन्स विंडोजपेक्षा वेगळं असतं. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस पहिल्या दिवशी ज्या ईमेलने चालू केलं तो ईमेल हवा. तो विसरला असाल तर डिस्क बदलायच्या आधी शोधा, नंतर रडू नका.

चारपाचशेच्या कीबद्दल फार लिहीत नाही. त्या बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक लायसन्समधून बाहेर आलेल्या असतात. आज चालतात, उद्या ब्लॉक होतात, आणि विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झालेला असतो. ॲक्टिव्हेटरबद्दल एकच सांगतो. तो चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात ना, तिथेच थांबा. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही लोकांचे आधार अपलोड करता, पैसे भरता, त्याच्या दाराची कडी काढून अनोळखी माणसाला आत घेताय.

राहिली जुनी डिस्क. त्यातून लायसन्स ‘काढता’ येत नाही, कारण ते तिथे नाही. जे आहे ते तुमचं: पासबुकांचे स्कॅन, फोटो, सेव्ह केलेले पासवर्ड. डिस्क काढायच्या आधी एक गोष्ट मात्र बघा, आणि हे त्या मेसेजमध्ये यायला हवं होतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. ती बाहेर काढून दुसरीकडे जोडली की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की त्या खात्यात साठवलेली असते. आधी तिथे जाऊन उतरवून घ्या. फायली खरोखर अडकतात त्या इथे.

येळ्ळूरच्या पोराची डिस्क एन्क्रिप्ट नव्हती. फायली नव्या एसएसडीवर घेतल्या, डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिली. जाताना विचारतो, “मग हिचं काय करू मामा?” म्हटलं, यूएसबीचा एक डबा मिळतो, त्यात घाल आणि दर शनिवारी बॅकअप घे. गेल्या महिन्यात आला तेव्हा डबा घेतलेला होता. बॅकअप अजून घेतलेला नव्हता.