मिंटेज कमी म्हणून नाणं दुर्मिळ? नाही हो, असं नसतं

1795 ते 1834 मधल्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांबद्दल एक मेसेज खूप फिरतोय. नाणी जितकी कमी पाडली तितकी दुर्मिळ, किंमत छापलेली नसेल तर नकली, अंगावर रेघा असतील तर खराब माल, आणि वजन नि कॅरेट बरोबर आलं की बिनधास्त घ्या. नवीन लोक हे वाचून मोठी रक्कम लावतात म्हणून लिहितोय, यातलं एकही धड नाही.

आधी मिंटेजचं, म्हणजे किती नाणी पाडली त्या आकड्याचं बघू. 1822 चं हाफ ईगल, म्हणजे 5 डॉलरचं नाणं, टाकसाळीच्या नोंदीत आहेत 17,796 आणि आज माहीत असलेली फक्त 3! त्यातली 2 अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात, तिसरं 2021 च्या लिलावात 84 लाख डॉलरला गेलं. उलट 1808 चं अडीच डॉलरचं क्वार्टर ईगल पाडलंच मुळी 2,710, तरी शंभरावर टिकलीत. कारण वितळवणं. 1792 च्या कायद्यात 1 भाग सोन्याला 15 भाग चांदी असा भाव धरलेला, युरोपात साधारण साडेपंधरा मिळायची, मग व्यापारी नाणी गोळा करून जहाजाने तिकडे पाठवायचे आणि तिथे ती मुशीत जायची. या गळतीपायी 10 डॉलरचं ईगल पाडणं 1804 मध्ये थांबवलंच. पुढे 1834 मध्ये नव्या नाण्यातलं सोनं कमी केलं, आता जुन्या 5 डॉलरच्या नाण्यात नव्या हिशोबाने सुमारे 5.33 डॉलरचं सोनं भरायला लागलं, मग ते खर्चायला कोण काढणार, उरलीसुरलीही वितळली. त्यामुळे किती पाडली हे विचारून भागत नाही, किती वाचली ते विचारा.

छापलेल्या किंमतीचं म्हणाल तर 1807 च्या आधी अमेरिकेच्या एकाही सोन्याच्या नाण्यावर ती नव्हतीच. आकार आणि वजनावरून लोक ओळखायचे.

रेघांचंही तसंच, चकती ठरलेल्या वजनापेक्षा जड भरली की टाकसाळीतच कानशीने घासून मग ठसा मारायचे. चेहऱ्यावर खोल रेघा असतील तर भाव उतरतो हे खरं, पण तो टाकसाळीतल्या कामाचा भाग आहे, नंतर झालेली खराबी नाही. आणि त्या घालवायला पॉलिश तर अजिबात करू नका, मूळ पृष्ठभाग गेला की पीसीजीएस, एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या नंबरचा ग्रेडच देत नाहीत.

सगळ्यात घातक मुद्दा वजनाचा. अस्सल हाफ ईगल 8.75 ग्रॅम, 22 कॅरेट, म्हणजे आपल्या दागिन्यांइतकंच, आणि नाण्याचा भाव सोन्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे नकली करणारा खरं सोनं वापरूनही भरपूर कमावतो. सोनाराकडची तपासणी सोनं सांगते, नाणं नाही. ठसा, ताऱ्यांच्या जागा, आकड्यांची ठेवण त्याच वर्षाच्या ज्ञात डायशी, म्हणजे ठसा मारायच्या साच्याशी, जुळवून बघावी लागते. ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीतलं असलं तरी त्यावरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथल्या फोटोशी हेच नाणं जुळतं का बघा, कारण डब्याही नकली निघतात.